पायावरून चाक गेल्यावर: चिरडलेल्या पावलाची पुनर्रचना, रस्त्यापासून चपलेपर्यंत

बसचे, ट्रकचे किंवा ट्रॅक्टरचे चाक पावलावरून गेले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "हाड मोडले का?" एक्स-रेमध्ये एखादेच हाड मोडलेले दिसले की घरातल्यांना हायसे वाटते. मात्र अशा जखमेत रुग्ण पुन्हा कसा चालणार, हे बहुतेक वेळा हाडापेक्षा कातडीवर ठरते. मोडलेले हाड तारेने जागेवर बसवता येते आणि काही आठवड्यांत ते जुळून येते. पण त्यावरची कातडी किंवा टाचेची गादी मेली, तर उघडे पडलेले हाड वाळते, त्यात जंतुसंसर्ग शिरतो आणि उत्तम बसवलेले हाडही हातचे जाते. हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी असा रुग्ण पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांसाठीही आहे. अपघाताच्या जागेपासून रुग्ण पुन्हा पादत्राण घालून उभा राहीपर्यंत कोणत्या टप्प्यावर काय व्हायला हवे आणि काय विचारायला हवे, ते यात क्रमाने मांडले आहे.

चाक पावलाचे नेमके काय करते

थांबलेल्या वस्तूचे वजन पावलावर पडले तर पाऊल दबते. फिरते टायर मात्र दाबता दाबता कातडीला पकडून ओढते. या ओढीने कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूंवरच्या पडद्यापासून सुटते, आणि खालून वर कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. कधी कातडी पायातला मोजा ओढून काढावा तशी घोट्यापासून बोटांकडे सोलून निघते. या प्रकाराला डॉक्टर डीग्लव्हिंग म्हणतात. अधिक फसवा प्रकार म्हणजे वरून कातडी फाटलेली नसते, पण आतून ती पूर्ण सुटलेली असते आणि त्या पोकळीत रक्त साचलेले असते. अशी कातडी पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीच्या रंगाची दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांभळी पडते आणि मग काळी होते. "काल तर पाय चांगला होता, इथे आणल्यावर काळा पडला," ही तक्रार अपघात विभागात वारंवार ऐकू येते. त्यामागे बहुतेक वेळा उपचारातली हयगय नसते. कातडीचा रक्तपुरवठा चाकाखालीच तुटलेला असतो आणि परिणाम उशिरा दिसतो.

पावलाच्या वरची बाजू आणि तळवा यांत मोठा फरक आहे. वरची कातडी पातळ असते आणि तिच्याखाली बोटे उचलणाऱ्या दोऱ्या (स्नायूंना हाडाशी जोडणारे तंतू) व हाडे लगेचच असतात, त्यामुळे थोडी कातडी गेली तरी आतले सगळे उघडे पडते. तळव्याची कातडी शरीरातली सर्वांत जाड असते. तिच्याखालची चरबी लहान लहान कप्प्यांत बंद असून मजबूत तंतूंनी हाडाला बांधलेली असते, म्हणून चालताना तळवा हाडावर सरकत नाही. टाचेची ही गादी साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाड असते. मांडीची किंवा पाठीची कातडी कितीही कौशल्याने आणून लावली, तरी ती या गादीची पूर्ण बरोबरी करत नाही. त्यामुळे तळव्याची मूळ कातडी जितकी वाचवता येईल तितकी वाचवणे, हे पुढच्या सगळ्या शस्त्रक्रियांचे पहिले तत्त्व आहे.

वाहनानुसार जखम बदलते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या तारांत लहान मुलाची टाच अडकते, तेव्हा टाचेमागची कातडी आणि तिच्याखालची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) फाटते. जखम दिसायला लहान, पण खोल असते. ट्रॅक्टरच्या किंवा शेतातल्या अपघातात माती आणि शेण आत गेलेले असते, म्हणून तिथे वेळ सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बसच्या आणि ट्रकच्या चाकाखाली कातडीचे नुकसान सर्वाधिक होते.

रस्त्यावर

चिरडलेले पाऊल इतके भयानक दिसते की सगळ्यांची नजर तिथेच खिळते, आणि पोटातला रक्तस्राव किंवा डोक्याचा मार सुटून जातो. म्हणून आधी रुग्णाचा श्वास, शुद्ध, छाती आणि पोट पाहावे, आणि मगच पायाकडे वळावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटे दाबून धरावे; रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच उचलू नये. दाब देऊनही रक्त उसळतच असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दोरी किंवा वायर वापरू नये, कारण ती नसा कापते.

हळद, कॉफी, चुना, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ते काढताना शस्त्रक्रियेत जिवंत पेशीही जातात, आणि जखमेचा खरा रंगही झाकला जातो. बूट किंवा सँडल ओढून काढू नये, ते रुग्णालयात कापून काढतात. लोंबणारी कातडी हलकेच मूळ जागी पसरून वर ओले स्वच्छ कापड ठेवावे आणि पुठ्ठा किंवा उशी बांधून पाऊल स्थिर करावे. बोट किंवा कातडीचा तुकडा पूर्ण सुटला असेल, तर तो फेकू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. बोट पुन्हा जोडता आले नाही, तरी त्याची कातडी त्याच पावलावर वापरता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. झाकण्याआधी जखमेचा एक स्पष्ट फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला पाहता यावी म्हणून पट्टी पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही. रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागणार असते.

मदत करणाऱ्याने पोलिसांची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हा रस्त्यावरचा सर्वांत मोठा निर्णय आहे. रक्तस्राव थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर जवळचे रुग्णालयच योग्य. रुग्ण स्थिर असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन दोघेही उपलब्ध असतील अशा ठिकाणी न्यावे. मोठ्या शहरांतल्या अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ते असतात. पहिल्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन नसेल, तर प्राथमिक उपचारानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच पुढे पाठवण्याची विनंती करावी. "आधी हाडाचे बघू, कातडीचे नंतर" असे ठरवून पंधरा दिवसांनी, काळ्या पडलेल्या कातडीसह आणि पू झालेल्या जखमेसह रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा वाचवता आला असता असा बराच भाग गेलेला असतो.

अपघात विभागातला पहिला तास

जखम उघडी असेल आणि हाड मोडले असेल, तर शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस शक्यतो तासाभरात मिळायला हवा. साफसफाईची शस्त्रक्रिया काही तासांनी झाली तरी चालते, पण हा डोस लांबला तर संसर्गाचा धोका वाढतो. नातेवाइकांनी नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, "प्रतिजैविक दिले का, किती वाजता दिले?" धनुर्वाताचे इंजेक्शन आवश्यक आहे, जखम मातीने माखलेली असेल आणि आधीची लस पूर्ण झालेली नसेल, तर धनुर्वातविरोधी प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू किंवा बिडी-सिगारेटची सवय, अपघाताची नेमकी वेळ, आणि पाय गटारात किंवा चिखलात पडला होता का, ही माहिती न विचारताही सांगावी.

डॉक्टर पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी पाहतात, बोटांचा रंग पाहतात आणि तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासतात. पावलाचे एक्स-रे वेगवेगळ्या बाजूंनी काढावे लागतात. टाचेचे हाड किंवा पावलाच्या मधला सांधा दुखावल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन लागतो, कारण पावलात २६ हाडे एकमेकांवर रचलेली असतात आणि साध्या एक्स-रेत मधल्या सांध्याची निखळण सहज नजरेतून सुटते.

आणखी एक धोका बंद जखमेत असतो. सुजेमुळे पावलातल्या स्नायूंच्या कप्प्यांतला दाब वाढून आतला रक्तपुरवठा बंद पडू शकतो. औषधे देऊनही वेदना वाढत जाणे, बोट नुसते हलवले तरी कळ सहन न होणे आणि पाऊल टणक लागणे, ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आधी घट्ट पट्टी सोडवतात, आणि गरज पडली तर कप्पे उघडून दाब कमी करतात. रात्री दोन वाजता अशी कळ वाढली, तर "सकाळी बघू" यावर समाधान मानू नये.

या टप्प्यावर होणारी, आणि माझ्या मते सर्वांत अधिक नुकसान करणारी गोष्ट म्हणजे अपघात विभागातच सुटलेली कातडी ताणून घट्ट टाके घालणे. बाहेरून पाऊल पूर्ववत दिसते आणि घरच्यांना बरे वाटते. पण ती कातडी आधीच रक्ताला मुकलेली असते. त्यात वरून सूज आणि टाक्यांचा ताण आला की तिची उरलीसुरली आशाही संपते, आणि तिच्याखाली घाण कोंडली जाते. अशी जखम पहिल्या रात्री सैल, ओलसर पट्टीखाली उघडी ठेवणे अधिक सुरक्षित असते.

पहिली शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेला डेब्रिडमेंट म्हणतात, म्हणजे मेलेले आणि मळलेले सगळे काढून जखम स्वच्छ करणे. नुकसान खूप असेल तर ती पहिल्या बारा तासांत, एरवी चोवीस तासांत व्हावी. शेतातली किंवा गटारातली घाण आत गेली असेल, अथवा रक्तवाहिनी तुटलेली असेल, तर लगेच व्हावी. जखम कित्येक लिटर सलाइनने, पण हलक्या धारेने धुतात, कारण जोराच्या फवाऱ्याने घाण आत ढकलली जाते. कातडीच्या कडा ताज्या लाल रक्ताचे थेंब दिसेपर्यंत कापतात, न आकसणारा स्नायू काढतात आणि कशालाही न चिकटलेले हाडांचे तुकडेही बहुधा काढून टाकतात.

शस्त्रक्रियेनंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसते आणि घरचे हादरतात. पण अर्धवट साफ केलेली लहान जखम पूर्ण साफ केलेल्या मोठ्या जखमेपेक्षा कितीतरी धोक्याची असते. हे सर्जनने आधीच समजावून सांगायला हवे. सांगितले नसेल तर नातेवाइकांनी विचारावे.

सोलून निघालेल्या कातडीबाबत निर्णय इथेच होतो. तिच्या कडांतून रक्त येत नसेल, तर ती जशीच्या तशी शिवून उपयोग नसतो. ती पूर्ण सोडवून, तिच्याखालची चरबी काढून टाकून, पातळ केलेली कातडी पुन्हा पावलावर ग्राफ्ट म्हणून, म्हणजे खालच्या मांसातून रक्त घेणारा थर म्हणून, पसरतात. खालचा भाग जिवंत असेल तर ती तिथे रुजते, आणि रुग्णाच्या मांडीवरची कातडी काढणे वाचते. तीच कातडी काळी पडेपर्यंत वाट पाहिली, तर ती या कामाचीही राहत नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच प्लास्टिक सर्जन हजर असावा, असा आग्रह धरावा.

मोडलेली हाडे तारांनी किंवा बाहेरच्या फ्रेमने स्थिर करतात. मोठ्या प्लेटा पहिल्या दिवशी सहसा टाळतात. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मागची लांब हाडे चालताना भार घेतात, म्हणून त्यांची लांबी आणि उंची टिकवण्याकडे अधिक लक्ष देतात. फ्रेमचा आणखी एक उपयोग असा की पाऊल घोट्यात काटकोनात राहते. ते खाली लोंबत राहिले तर टाचेमागची शीर आखडते आणि पुढे टाच जमिनीला टेकत नाही. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल, तर त्या जागी प्रतिजैविक मिसळलेले हाडांचे सिमेंट ठेवतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तिथे कमरेच्या हाडाचा चुरा भरतात.

त्यानंतर बहुधा व्हॅक्यूम ड्रेसिंग, म्हणजे लोक ज्याला मशीनचे ड्रेसिंग म्हणतात ते, लावतात. स्पंज आणि हवाबंद पडद्यातून यंत्र जखमेतला स्राव ओढून घेते. त्याने सूज कमी होते आणि जखम झाकलेली राहते. पण ते तात्पुरते साधन आहे. उघडे हाड आठवडेच्या आठवडे मशीनखाली ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. जखमेची कड जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी ४८ तासांच्या आसपास पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते, आणि तशी दोन-तीनदा साफसफाई करावी लागणे यात नवल नाही.

जखम झाकण्याची घाई का, याचे सर्वांत ठळक उत्तर स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरातील मार्को गोडिना या सर्जनने दिले. ५३२ रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या ७२ तासांत ज्यांची जखम सूक्ष्मशस्त्रक्रियेने झाकली, त्यांच्यात फ्लॅप (स्वतःच्या रक्तवाहिनीसह आणलेला कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा) अयशस्वी होण्याचे प्रमाण एका टक्क्याहून कमी होते, तर ७२ तासांपासून तीन महिन्यांपर्यंत उशीर झालेल्या गटात ते १२ टक्के होते. गोडिना स्वतः त्याच वर्षी मोटार अपघातात वारला. व्हॅक्यूम ड्रेसिंग आल्यापासून ७२ तासांची मर्यादा काहीशी सैल झाली आहे, पण पहिल्या आठवड्यात जखम कायमची झाकण्याचे उद्दिष्ट आजही टिकून आहे.

पाऊल वाचवायचे की नाही

हा प्रश्न पहिल्या रात्री घाईने सोडवू नये. रक्तस्रावाने किंवा संसर्गाने जीवच धोक्यात असेल, अथवा पाऊल पूर्ण चेंदले असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी दोन ज्येष्ठ सर्जनांनी पाय स्वतंत्रपणे पाहून मत द्यावे आणि रुग्णाशी बोलायला एक-दोन दिवस मिळावेत.

कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने उघड्या जखमांसाठी तयार केलेली गुणपद्धती यासाठी भारतात बरीच वापरली जाते. ती मुळात नडगीच्या जखमांसाठी आहे, पण तिचा विचार पावलालाही लागू पडतो: कातडी, हाड आणि स्नायू-शिरा यांना प्रत्येकी १ ते ५ गुण, शिवाय वय, आजार, झालेला उशीर अशा बाबींचे जादा गुण. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याकडे कल, १७ किंवा अधिक असेल तर पाय काढण्याकडे, आणि मधले १५ व १६ हे विचारविनिमयाचे. या पद्धतीत कातडीला हाडाच्या तोडीस तोड वजन दिले आहे, ही तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब आहे.

तळव्याला स्पर्श कळत नाही, म्हणून पाय काढावा, असे पूर्वी सांगत. अमेरिकेतल्या आठ अपघात केंद्रांत झालेल्या मोठ्या अभ्यासाने हे मत बदलले. सुरुवातीला बधिर असलेल्या आणि तरीही वाचवलेल्या पायांपैकी निम्म्याहून अधिकांत दोन वर्षांनी संवेदना परत आली होती, कारण नस तुटलेली नसून दबलेली होती. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही तितकाच प्रामाणिकपणे सांगायला हवा: पाय वाचवलेल्या आणि पाय काढलेल्या रुग्णांची दोन वर्षांनंतरची एकूण स्थिती जवळजवळ सारखी होती, आणि पाऊल-घोट्याची फार गंभीर इजा होऊन ज्यांना दुरून आणलेला फ्लॅप किंवा घोटा कायमचा जखडण्याची शस्त्रक्रिया लागली, त्यांची स्थिती गुडघ्याखाली पाय काढलेल्यांपेक्षा वाईट निघाली. म्हणजे पाऊल वाचवणे हा प्रत्येक वेळी विजय नसतो, आणि ते काढणे हा पराभव नसतो.

म्हणून घरच्यांनी सर्जनला थेट विचारावे: वाचवलेल्या पावलाची टाच जमिनीला टेकेल का, तळव्याला स्पर्श कळेल का, एकूण किती शस्त्रक्रिया होतील, किती महिने कामावर जाता येणार नाही? भाताच्या चिखलात उभे राहणाऱ्या शेतकऱ्याचे उत्तर आणि टेबलाशी बसून काम करणाऱ्याचे उत्तर वेगळे असू शकते. पाय काढावा लागलाच, तर टाचेची गादी शाबूत असल्यास ती राखून घोट्यातून काढण्याचा पर्याय विचारावा. त्या पायावर रुग्ण घरातल्या घरात कृत्रिम पायाशिवायही उभा राहू शकतो. जयपूर फूट अनवाणी चालणे आणि उकिडवे बसणे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईतील हाजी अलीची पुनर्वसन संस्था ही यासाठीची जुनी, अनुभवी ठिकाणे आहेत.

जखम झाकणे: कातडी आणि फ्लॅप

खाली जिवंत, लाल मांस असेल तर ग्राफ्ट पुरते: मांडीवरून कागदासारखा पातळ थर काढून जखमेवर पसरतात. हा थर स्वतःचे रक्त आणत नाही, खालून घेतो. म्हणून उघड्या हाडावर, किंवा वरचे पातळ आवरण निघून गेलेल्या दोरीवर तो रुजत नाही. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसह आणलेला कातडी-चरबीचा किंवा स्नायूचा तुकडा. "मांस लावले" असे नातेवाईक म्हणतात, ते हेच.

पावलाच्या वरच्या बाजूला ग्राफ्ट किंवा पातळ फ्लॅप हवा, कारण जाड फ्लॅपवर चप्पल बसत नाही. टाचेच्या तळाची लहान जखम असेल, तर पावलाच्या कमानीतली, भार न घेणारी कातडी तिच्या नसेसह फिरवून टाचेवर आणतात. तळव्याच्या जागी तळव्याचीच कातडी, आणि तीही संवेदना असलेली मिळते, म्हणून शक्य असेल तिथे मी यालाच पहिली पसंती देईन. कमानीची जागा ग्राफ्टने भरून निघते. टाचेमागे किंवा घोट्याजवळ पोटरीवरचा फ्लॅप उलटा फिरवून आणतात. त्यासाठी घोट्याच्या वरचा साधारण पाच सेंटिमीटरचा पट्टा चाकाखाली सापडलेला नसावा. या फ्लॅपला सूक्ष्मदर्शकाची गरज नसते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीही तो होऊ शकतो. त्याच्या बदल्यात पावलाची बाहेरची कड काहीशी बधिर राहते.

जखम मोठी असेल तर फ्री फ्लॅप करतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी, किंवा मांडीच्या आतला अथवा पाठीचा स्नायू पूर्ण सोडवून पायावर आणतात आणि त्याची धमनी व नीला पायाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. शस्त्रक्रिया सहा ते दहा तासही चालते. अनुभवी केंद्रांत शंभरातले नव्वदहून अधिक फ्लॅप जगतात. पायात जोडण्याजोगी रक्तवाहिनीच उरली नसेल, तर दुसऱ्या पायाच्या पोटरीची कातडी या पायाला शिवून दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकत्र बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. ती रुग्णाला अवघडते खरी, पण अनेक पाय तिने वाचवले आहेत.

फ्लॅपनंतरचे पहिले तीन दिवस

या दिवसांत नातेवाइकांची नजर हे खरोखर उपचाराचे साधन आहे. फ्लॅप गुलाबी, कोमट आणि मऊ असावा. बोटाने दाबल्यावर पांढरा पडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा. तो निळसर-जांभळा होऊन फुगू लागला, तर रक्त बाहेर जाण्याची वाट बंद झाली आहे. पांढरा, थंड आणि सुरकुतलेला झाला, तर रक्त आत येत नाही. दोन्ही वेळी तासाभरात सर्जनला बोलावले, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून फ्लॅप वाचू शकतो. सकाळच्या राउंडपर्यंत थांबले तर तो वाचत नाही.

पाय उशीवर उंच असावा, खोली उबदार असावी, आणि फ्लॅपच्या देठावर पट्टीचा किंवा गादीचा दाब नसावा. तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही: बिडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळे बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. भेटायला आलेल्या मित्राने मायेपोटी पुढे केलेली पुडीही यात मोजली जाते. मधुमेह असेल तर साखर रोज तपासावी. आहारात अंडी, मासे, डाळी, दूध, शेंगदाणे यांतून प्रथिने वाढवावीत. "पू होतो" म्हणून डाळ-भात बंद करण्याला काहीही आधार नाही, आणि उपाशी शरीरात कातडी रुजत नाही.

खर्च आणि कागदपत्रे

दाखल होतानाच पोलिसी नोंद, म्हणजे एमएलसी, झाली आहे का ते पाहावे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. पावलाची पुनर्रचना सात दिवसांत संपत नाही, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रतिनिधीला) पहिल्या दिवशीच भेटून, फ्लॅपच्या शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी वेळेत मागवावी. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करतात. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, आणि वारंवारच्या शस्त्रक्रियांत ती कधी निघून जाते ते कळत नाही. वकिलाला लवकर भेटावे. वाहन पळून गेले असेल, तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची भरपाई २०२२ च्या योजनेत आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधाचे बिल एका पिशवीत जपून ठेवावे.

पुन्हा उभे राहणे

फ्लॅप स्थिरावल्यावर, साधारण एक ते दोन आठवड्यांनी, पाय खाली सोडण्याचा सराव सुरू होतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पलंगाखाली पाय सोडायचा, रंग पाहायचा, पुन्हा वर घ्यायचा. मग हळूहळू वेळ वाढवायची. पहिल्यांदा पाय खाली सोडल्यावर फ्लॅप गडद होतो, त्याने घाबरू नये. वर घेतल्यावर तो काही मिनिटांत पूर्ववत व्हायला हवा. बोटे, गुडघा आणि मांडी यांचे व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून करायचे असतात. पावलावर भार देण्याची परवानगी हाडाच्या एक्स-रेवर अवलंबून असते. सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो, आणि तोवर वॉकर किंवा कुबड्या वापराव्या लागतात.

लहान मुलांचे पाय झपाट्याने भरून येतात, पण वाढत्या पायात व्रण आखडतो आणि बोटे वर ओढली जातात. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवणे आवश्यक आहे.

ग्राफ्ट किंवा फ्लॅपची कातडी बहुधा बधिर असते. खडा टोचला, चप्पल घासली, तापलेल्या फरशीवर पाय पडला, तरी कळत नाही. म्हणून अशा रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये, रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा, पायात घालण्याआधी चप्पल झटकावी आणि कोरड्या कातडीला तेल लावावे. कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरतात ती मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल इथेही सर्वांत उपयोगी पडते. पावलाचा साचा घेऊन आतली गादी बनवून घेतली तर उत्तम. रबर दबून पातळ झाले की चप्पल बदलावी.

फ्लॅप जाड असल्याने पादत्राण बसत नसेल, तर सहा महिन्यांनंतर तो पातळ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. टाच उचललेली राहत असेल, तर शीर लांब करता येते. बराच काळ बरा असलेला पाय पुन्हा लाल होऊन सुजला, व्रणातून पाण्यासारखा किंवा पुवासारखा स्राव येऊ लागला, किंवा एकच जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर हाडात संसर्ग असल्याची शंका घ्यावी. तशा वेळी औषधाच्या दुकानातून गोळ्या न घेता, ज्या सर्जनने फ्लॅप केला त्याच्याकडे जुन्या एक्स-रेसह जावे. अनेक वर्षे न भरलेल्या, कडा जाड झालेल्या जखमेचा तुकडा काढून तपासणीला पाठवावा, कारण अशा जखमेत क्वचित कर्करोग सुरू होऊ शकतो.